घर की संस्था? : बांधकाम नियमावलीतले म्हातारपण

मराठीत 'आश्रम' हा शब्द एकाच वेळी काळाचाही आहे आणि जागेचाही. ब्रह्मचर्य, गार्हस्थ्य, वानप्रस्थ आणि संन्यास हे चार आश्रम म्हणजे आयुष्याच्या चार अवस्था. आणि ऋषींचा आश्रम म्हणजे वनातली वस्ती. 'वानप्रस्थ' या शब्दाने तर अवस्थेबरोबर पत्ताही देऊन ठेवला आहे. गृहस्थाने गृहात राहावे आणि केस पिकले की वनाकडे प्रस्थान ठेवावे. थोडे धाडस करून म्हणायचे तर जमिनीच्या वापराविषयीचा आपल्याकडचा हा एक फार जुना नियम आहे. कोणत्या वयाच्या माणसाने कोणत्या विभागात राहावे, हे तो सांगतो. 'वृद्धाश्रम' हा अलीकडचा शब्द याच दोन अर्थांवर उभा राहिला, पण आपल्या बोलण्यात त्यातली अवस्था गळून पडली आणि उरली ती जागा. तीही शक्यतो गावाबाहेरची.

आम्ही दोघांनी पुण्यात पस्तीस वर्षे महाविद्यालयात भाषा शिकवली, त्यामुळे शब्द उकलून पाहण्याची खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मात्र गेली दोन वर्षे ज्या ग्रंथाने आम्हाला गुंतवून ठेवले आहे तो कोणत्याही अभ्यासमंडळाने नेमलेला नाही. तो आहे शहराच्या बांधकामाची नियमावली. २०२० च्या डिसेंबरात लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मुंबई आणि काही मोजके प्रदेश वगळता राज्यभर चालते. वाङ्मय म्हणून तिचा आनंद घेणे कठीण आहे. परंतु व्याख्या, प्रकार, उपप्रकार आणि अपवाद हे ज्यांचे रोजचे काम होते अशा माणसांना ती अगदीच परकी वाटत नाही. काव्य की गद्य, कथा की दीर्घकथा, आत्मचरित्र की कादंबरी, या वादांत आम्ही वर्षानुवर्षे मुले बसवली. या वादांनी कुणाचे फारसे बिघडत नव्हते. नियमावलीतल्या प्रकारांनी बिघडते, हा फरक आहे.

आमची इमारत १९८४ सालची. तळमजला अधिक तीन मजले, सोळा सदनिका, लिफ्ट नाही. लिफ्ट लावावी लागू नये एवढीच उंची ठेवायची, हा त्या काळच्या मध्यमवर्गीय बांधकामाचा सरळ हिशोब होता. आणि राहायला आलेल्या पस्तिशीतल्या जोडप्यांना त्यात गैर काही दिसले नाही. त्या सोळांपैकी अकरा घरांत आज सत्तरी ओलांडलेले कुणी ना कुणी आहे आणि सहा घरांत ती व्यक्ती एकटीच राहते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खुब्याचे हाड मोडल्यापासून चौदा महिने खाली आलेल्या नाहीत. भाजीवाला आला की त्यांच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली येते, पैसे आणि यादी तिच्यातच असतात. हे दृश्य पाहून पाहुण्यांना जुन्या पुण्याची आठवण होते. आम्हाला मात्र चोपन्न पायऱ्या आठवतात.

पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली तेव्हा सर्वांच्या मनात एकच गोष्ट होती : किती चौरस फूट जास्त मिळणार? आम्ही काही जणांनी एक वेगळी मागणी पुढे ठेवली. नव्या इमारतीचे खालचे दोन मजले म्हाताऱ्या माणसांसाठी आखावेत. घरे लहान असली तरी चालतील. पण दारे रुंद असावीत, न्हाणीघरात धरायला आधार असावा, एक सामायिक स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा असावी, आणि रात्री एक परिचारिका राहू शकेल अशी खोली असावी. कुणालाही आपली गल्ली, आपला दूधवाला, आपले डॉक्टर आणि संध्याकाळचा आपला बाक सोडावा लागू नये, एवढीच त्यामागची कल्पना होती.

वास्तुविशारद तरुण होते आणि सौजन्याने ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "सर, मॅडम, तुम्हाला नेमके काय हवे आहे ते एकदा ठरवा. फ्लॅट हवेत की संस्था? फ्लॅट असतील तर मी निवासी म्हणून नकाशा दाखल करतो. नर्सची खोली, सामायिक जेवणघर असे दाखवले की समोरून पहिला प्रश्न येणार, हा वृद्धाश्रम आहे का?" व्यायामशाळा, पाळणाघर, सोसायटीचे कार्यालय यांची नियमांत नोंद आहे, परिचारिकेच्या खोलीला बसवायचे तर कुठल्या तरी दुसऱ्या नावाखाली बसवावे लागेल, असेही त्यांनी सांगितले. मग तिचे क्षेत्रफळ आपल्याच वाट्याच्या चटईक्षेत्रातून जाणार, हे ऐकल्यावर सभेतला उत्साह ओसरला. "आपण घर मागतोय, हॉस्पिटल नाही," असे एका सभासदांनी ठणकावले आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

फ्लॅट की संस्था, हा त्यांचा प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो. प्रश्न चुकीचा नव्हता. तो नियमांच्या भाषेतून आलेला होता. ती भाषा कुठून येते हे शोधताना आम्ही २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेपर्यंत पोचलो. राज्यांच्या नियमावल्या अग्निसुरक्षेसारख्या अनेक बाबींत तिचा हवाला देतात. या संहितेत इमारतींचे वापरानुसार गट पाडलेले आहेत. 'अ' गट निवासी इमारतींचा. त्यात सदनिकांच्या इमारतींचा चौथा उपगट आहे. इंग्रजी वर्णक्रमाने तिसरा येणारा 'क' गट संस्थात्मक इमारतींचा. त्याचे तीन उपगट आहेत. पहिल्यात रुग्णालये, तिसऱ्यात तुरुंग आणि मनोरुग्णालये, आणि या दोहोंच्या मध्ये, ताब्यात घेऊन सांभाळण्याच्या संस्थांमध्ये, अनाथालयांच्या शेजारी, वृद्ध आणि दुर्बल यांची निवासगृहे.

ही मांडणी दुष्टपणाने केलेली नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. तिच्यामागे आगीचा विचार आहे. जी माणसे धोक्याच्या वेळी स्वतःहून बाहेर पडू शकत नाहीत त्यांच्या इमारतींना जास्त कडक नियम लावावेत, हे तर्काला धरूनच आहे. पण वर्गीकरण एका हेतूने केले जाते आणि शंभर हेतूंनी वापरले जाते, हे वाङ्मयप्रकारांच्या इतिहासात आपण पाहिलेलेच आहे. स्वयंपाक करणारी, पेपर वाचणारी, मतदानाला जाणारी, फक्त रात्री कुणी हाकेला ओ द्यावी एवढीच अपेक्षा असणारी बाई कोणत्या गटात बसते? सदनिकांच्या उपगटात ती एकटी आहे आणि संस्थांच्या उपगटात ती 'ताब्यात' आहे. मधल्या जागेला नाव नाही, आणि नकाशावर ज्याला नाव नाही ते बांधता येत नाही.

आता थोडे आपल्या प्रांतात येऊ. म्हातारपण आणि घर हा विषय मराठी रंगभूमीने गंभीरपणे हाताळला आहे. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० मध्ये रंगभूमीवर आले. त्याच दशकात जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तले नाना-नानी मुलांची वाट पाहत बसलेले आपण पाहिले. या दोन्ही नाटकांनी दोन पिढ्यांना रडवले आणि ते रडणे खोटे नव्हते. पण आज मागे वळून पाहताना असे वाटते की, या परंपरेने म्हातारपणाचा खटला जवळजवळ नेहमी मुलांवर भरला. आरोपी कृतघ्न मुलगा, परदेशी गेलेला मुलगा, किंवा परकी सून. जिना, रस्ता, शहराचा नकाशा यांना साक्षीदार म्हणूनसुद्धा कधी बोलावले गेले नाही.

गंमत अशी की, 'नटसम्राट'च्या मागे उभ्या असलेल्या 'किंग लिअर'मध्ये नकाशा पहिल्याच प्रवेशात रंगमंचावर येतो. म्हातारा राजा भूमीची वाटणी करतो आणि पुढे वाद पेटतो तो लेकींच्या घरी त्याने किती सेवक बाळगावेत यावरून. शंभर, मग पन्नास, मग पंचवीस, आणि अखेर एकाची तरी काय गरज, इथपर्यंत. वर्गात हा भाग शिकवताना आम्ही अहंकार, सत्ता, प्रतिष्ठा यांविषयी बोलत असू. सोसायटीच्या सभेनंतर तो पुन्हा वाचला तेव्हा जाणवले की, तो अगदी व्यावहारिक प्रश्नही आहे : दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला स्वतःचा माणूस ठेवता येईल का, आणि त्या माणसाला जागा कुठे? आमच्या परिचारिकेच्या खोलीचा प्रश्न याहून वेगळा नव्हता.

मुलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची सोय अशी असते की, बाकी कुणालाच काही बदलावे लागत नाही. २००७ मध्ये केंद्राने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा केला. मुलांनी निर्वाह खर्च द्यावा यासाठी त्यात न्यायाधिकरणे आहेत. त्याच कायद्याचे एकोणिसावे कलम वृद्धाश्रमांविषयी आहे. राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी, सहज पोचता येईल अशा ठिकाणी वृद्धाश्रम स्थापन 'करू शकेल'. 'करील' नव्हे, 'करू शकेल'. क्रियापदाच्या एवढ्याशा रूपाने किती माणसे बाहेर राहतात, हे व्याकरणाच्या शिक्षकाला वेगळे सांगायला नको.

आणि ही माणसे थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढचे सुमारे ९.९ टक्के लोक होते; देशाचे प्रमाण ८.६ टक्के होते. २०३६ पर्यंत देशात हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास जाईल, असा सरकारी तज्ज्ञगटाचा अंदाज आहे. म्हणजे आज पन्नाशीच्या आत-बाहेर असलेले या लेखाचे प्राध्यापक-वाचक तोवर याच गणतीत येतील.

बदल होतच नाही असे मात्र नाही. २०१९ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. विकासक, सेवा पुरवणारा आणि घर घेणारा अशा तिघांत करार असावा, ही त्यांतली महत्त्वाची सूचना. घर विकून मोकळे झालेल्या माणसाने पुढची काळजी वाऱ्यावर सोडू नये, हा तिचा उद्देश. २०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांकरिता किमान अपेक्षा लिहून काढल्या : एकाहून अधिक मजले असतील तर लिफ्ट, ९०० मिलिमीटरपेक्षा अरुंद नसलेली दारे, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, न्हाणीघरात न घसरणारी फरशी आणि आधाराचे दांडे. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. आधीचे २००७ सालचे होते. या नव्या धोरणात विद्यार्थी, नोकरदार महिला आणि कामगार यांच्याबरोबर ज्येष्ठ नागरिकांच्या घरांचा वेगळा विचार आहे. अठरा वर्षांनी का होईना, एका प्रकाराला नाव मिळाले.

पण धोरण म्हणजे नियम नव्हे. प्रस्तावना आणि संहिता यांत जेवढे अंतर तेवढेच या दोहोंत. महारेराच्या अपेक्षा प्रकल्प 'ज्येष्ठांसाठी' म्हणून बाजारात आणणाऱ्याला लागू होतात. आमच्यासारख्या जुन्या सोसायटीला आपल्याच इमारतीत दोन मजले तसे बांधायचे असतील तर तिला गाठ घालावी लागते ती जमिनीच्या वापराच्या नियमांशी. तिथे विभाग, चटईक्षेत्र, पार्किंग यांचे कोष्टक असते आणि कोष्टकाला धोरणातली सहानुभूती वाचता येत नाही. सदनिकेच्या क्षेत्रफळावरून गाड्यांची जागा ठरते. ऐंशी वर्षांच्या बाईला गाडी नाही, हे कोष्टकाला कळण्याचा मार्ग नाही.

हा मार्ग काढता येतो, याचे एक उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. तिथल्या जमीनवापराच्या संहितेत 'वृद्धांसाठी ना-नफा निवास' असा एक जुना प्रकार होता. मार्च २०१६ मध्ये नगरपरिषदेने संहिता बदलली आणि त्या जागी 'ज्येष्ठांसाठी परवडणारी स्वतंत्र निवासस्थाने' हा प्रकार आणला. त्यांना अधिक बांधकामाची मुभा दिली आणि जिथे सार्वजनिक वाहतूक चांगली आहे अशा भागांत त्यांच्यावरची पार्किंगची सक्ती काढून टाकली. वादळ उठले. शहरातल्या बहुतेक सामुदायिक मंडळांनी प्रस्तावाविरुद्ध मत दिले. उंची वाढेल, वस्तीचे रूप बिघडेल, गाड्या रस्त्यावर येतील, अशा तक्रारी होत्या. तरीही बदल झाला. आमच्या दृष्टीने त्यातला सर्वांत मोलाचा भाग चटईक्षेत्राचा नाही, 'स्वतंत्र' या विशेषणाचा आहे. काळजी घेतली जाते म्हणून माणूस परतंत्र होत नाही, हे त्या एका शब्दाने कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेले.

इथे शंका घेणाऱ्यांचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे, कारण ते आमचे विद्यार्थीही आहेत आणि शेजारीही. पहिली शंका : ज्येष्ठांच्या नावाने जादा बांधकाम घ्यायचे आणि पाच वर्षांनी घरे कुणालाही विकायची, हे होणार नाही कशावरून? शंका रास्त आहे. सवलत ज्या वापरासाठी दिली तो वापर दस्तात आणि सात-बारा किंवा मिळकतपत्रिकेत नोंदला गेला पाहिजे, त्याशिवाय सवलत देऊ नये. दुसरी शंका : म्हाताऱ्यांची वेगळी वस्ती करणे हेच मुळात माणसांना वेगळे काढणे नाही का? याला उत्तर जागेवर अवलंबून आहे. शहरापासून तीस किलोमीटरवर, हिरव्या पट्ट्यात, डोंगराच्या पायथ्याशी सुंदर वसाहत उभारली तर ते नवे वानप्रस्थच होईल. तिथे मोर दिसतील, पण ओळखीचा चेहरा दिसणार नाही. जमीन स्वस्त म्हणून नियम तिकडेच सैल करायचे, हा सोपा मार्ग आहे आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. जुन्या वस्तीत, चालत मंडई, बसथांबा आणि ग्रंथालय गाठता येईल अशा ठिकाणी सवलत आधी द्यावी. तिसरी शंका पैशाची. पाषाण, बावधन, बाणेर या भागांत अशी घरे गेल्या दोन-अडीच दशकांत झाली आहेत आणि त्यांत राहणारे समाधानी असल्याचे आम्ही पाहिले आहे. पण ज्यांच्याकडे विकण्यासारखे काही होते त्यांनाच ती परवडली. घरकाम करून म्हाताऱ्या झालेल्या बाईसाठी बाजार कधीच घर बांधणार नाही. त्यासाठी आरक्षित भूखंडच लागतील. या तिसऱ्या शंकेला आमच्या सोसायटीच्या मागणीत उत्तर नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या सदतिसाव्या कलमानुसार विकास योजनेत फेरबदल करायचा झाल्यास सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि एक महिन्याच्या मुदतीत कोणालाही हरकती व सूचना पाठवता येतात. 'कोणालाही' हा शब्द महत्त्वाचा. त्यासाठी वास्तुविशारद असावे लागत नाही, बिल्डर असावे लागत नाही. तरीही हे काम भाषेच्या माणसांनी आपले मानल्याचे आमच्या पाहण्यात नाही. नियमाचा मसुदा ही चर्चा करण्याजोगी संहिता आहे, तिच्यातल्या व्याख्येत कोण आत येते आणि कोण बाहेर राहते हे पाहणे हे समीक्षेचेच काम आहे, असे आम्ही अलीकडे आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना सांगत असतो. त्यांतले काही हसतात. दोघींनी मात्र नियमावली उघडून वाचायला घेतली आहे.

आमच्या सोसायटीची पुढची सभा अजून व्हायची आहे. काकूंची सदनिका दुसऱ्या कुणाच्या तळमजल्याशी तात्पुरती बदलता येईल का, याची बोलणी चालू आहेत. नवी इमारत उभी राहीपर्यंत त्या थांबू शकतीलच असे नाही. दरम्यान आम्ही सभासदांसमोर ठेवण्यासाठी आणि संबंधित खात्याकडे पाठवण्यासाठी एक व्याख्या लिहिली आहे. तिचे आठ खर्डे झाले. पहिल्यात विशेषणे फार होती, चौथ्यात करुणा फार होती, सहाव्यात वकिली फार झाली. आठवा असा आहे :

"ज्येष्ठ निवास म्हणजे साठ वर्षांवरील व्यक्ती, एकटी वा जोडीदारासह, ज्यात स्वतःच्या इच्छेने राहते असे घर. त्यात शुश्रूषेची, सामायिक भोजनाची वा सोबतीची सोय असल्यामुळे ते घर असण्याचे थांबत नाही."

दुसरे वाक्य नियमाच्या भाषेत बसत नाही, ते वगळा, असा सल्ला आम्हाला मिळाला आहे. पहिले वाक्य हवे तसे बदलावे. दुसरे आम्ही ठेवणार आहोत.